पब बंद पडतो तो मंगळवारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ नाशिकचे, नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमजवळ राहायला आलेले. वर्ष होत नाही तोच त्यांच्या रस्त्याच्या टोकाचा पब बंद झाला आणि खिडक्यांवर फळ्या ठोकल्या गेल्या. त्यांना विचारायचंय की इंग्रजांनी पिणं सोडलंय का, ब्रिटनमधले पब असे एकामागून एक का बंद होतायत, आणि नव्याने आलेल्या माणसाला यात करण्यासारखं काही असतं का.

मी बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला, ज्याला ब्लॅक कंट्री म्हणतात त्या भागात, दोन दशकांहून जास्त काळ पब चालवते आहे. सुरुवातीला कंपनीच्या भाडेपट्ट्यावर, आता स्वतःच्या मालकीचा. उत्तर लांबणार आहे, कारण ‘लोक पीत नाहीत म्हणून पब बंद पडतात’ हे कारण अर्धवट आहे. ते पूर्ण मानल्यामुळे वाचवता येण्यासारखे पबही हातचे जातात.

आधी क्रम नीट लावून घेऊ. ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त बिअर खपली ती १९७९ च्या सुमारास. तिथून बिअर उतरणीला लागली. एकूण दारूचं दरडोई प्रमाण मात्र २००४ पर्यंत वर गेलं आणि त्यानंतर घटू लागलं. म्हणजे मधली जवळपास पंचवीस वर्षं अशी होती की लोक पूर्वीपेक्षा जास्त पीत होते आणि तरीही पब बंद पडत होते. ती दारू जात होती घरी. सुपरमार्केटच्या ट्रॉलीत दुधाच्या शेजारी वाइनची बाटली पडायला लागली, फ्रीजमध्ये कॅन आले, आणि नोकरीवरून येता येता पबमध्ये डोकावण्याची गरज संपली. २००० साली देशात साठ हजारांच्या आसपास पब होते, आज पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरलेत. पिणं कमी झालं हे खरंच आहे, पण तो या गोष्टीचा शेवटचा अंक आहे.

आता पबचा हिशेब सांगते. तो बाहेरून दिसत नाही. शुक्रवारी-शनिवारी पब भरलेला असतो आणि बघणाऱ्याला वाटतं, काय धंदा चाललाय! पण पबचं मरण-जगणं ठरतं ते मंगळवारी. आणि याचं कारण तळघरात आहे.

पिपातली अस्सल एल, म्हणजे हातपंपाने ओढून देतात ती बिअर, जिवंत असते. कारखान्यातून निघतानाही तिच्यात यीस्ट काम करत असतं. पीप आलं की ते मी तळघरात आडवं मांडते, पाचर लावून पक्कं करते, आणि हलवत नाही. वरच्या बुचात मऊ लाकडाची बारीक खुंटी ठोकली की तिच्या छिद्रांतून फेस उसळून वर येतो. दर काही तासांनी तो पुसायचा आणि पुन्हा किती येतो ते बघायचं. फेस शांत झाला की मऊ खुंटी काढून कडक लाकडाची बसवायची, म्हणजे आतला वायू टिकतो. गाळ खाली बसायला एक-दोन दिवस द्यायचे. मग पुढच्या बुचात लाकडी हातोडीच्या एकाच ठोक्यात तोटी बसवायची. ठोका कचरला तर बिअर तोंडावर उडते आणि गाळ ढवळून निघतो. तळघर ११ ते १३ अंशांवर ठेवायचं, रात्रंदिवस, वर गिऱ्हाईक असो वा नसो. पहिला पेला उजेडाकडे धरायचा. आरपार दिसलं, वास स्वच्छ आला, तरच ते पीप वरच्या पंपाला जोडायचं.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की तोटी लागली आणि बिअर ओढली जाऊ लागली की पिपात हवा शिरते. तिथून साधारण तीन दिवस. डोशाच्या आंबवलेल्या पिठाचं जसं असतं तसंच हिचंही आहे, वेळ टळली की ती आंबटच होत जाते. चौथ्या दिवशी ती विकणारा पबवाला आपल्या हाताने गिऱ्हाईक घालवतो. सगळ्यात जास्त चालणारं पीप फर्किन, त्यात ७२ पाइंट बसतात (पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडा मोठा पेला). बहात्तर भागिले तीन, म्हणजे दिवसाला चोवीस. एका पंपामागे रोज चोवीस पाइंट खपले पाहिजेत, सोमवारी आणि मंगळवारीही. रोज येणारे आठ जण, प्रत्येकी तीन पाइंट, हा हिशेब इतका काटेकोर बसतो की जुने पबवाले आपले पंप माणसं मोजून लावायचे.

त्या आठांतले तिघं गेले की नऊ पाइंट कमी झाले. बिअर तिसऱ्या दिवशी थकायला लागते, उरलेल्यांना ते जिभेवर कळतं, ते दोनवर थांबतात. पंप काढावा लागतो. आधी माइल्ड या सौम्य बिअरचा जातो, मग बिटर या कडवट बिअरचा. उरते नळाची लागर, म्हणजे फिकट, थंड बिअर. ती वायूच्या दाबावर टिकते, पण ती कुठेही मिळते, मग माणूस तुमच्याकडे का येईल? आठवड्यातून एकदा बिअरच्या नळ्या धुवाव्या लागतात आणि दर वेळी नळीत उभी असलेली बिअर मोरीत जाते. विकली गेली दहा पाइंट आणि फेकली चार, अशी पाळी आली की मी समजते, त्या घराचे दिवस भरलेत. शनिवारची गर्दी हे भोक बुजवू शकत नाही.

मग ती मंगळवारची माणसं गेली कुठे?

आमच्या भागात ती ओतकामाच्या भट्ट्यांत, साखळ्या, कुलपं, नळ, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत होती. पाळी संपली की घशातली धूळ धुवायला माइल्ड. गडद रंगाची, सौम्य, साडेतीन टक्क्यांच्या आतबाहेरची बिअर. घाम गाळून आलेल्या माणसाने चार पेले प्यावेत आणि चालत घरी जावं, याच हिशेबाने ती बनत असे. १९८० च्या दशकात भट्ट्या विझल्या आणि पाळ्या संपल्या. स्मेदिकमधला केप हिलचा प्रचंड मोठा बिअरचा कारखाना २००२ मध्ये बंद झाला. वुल्वरहॅम्प्टनचा बँक्सचा कारखाना १८७५ पासूनचा, तोही बंद करायची घोषणा २०२४ मध्ये झाली. तो दिवस आमच्या बारमध्ये कोणाला काही सुचेना.

कारखाने गेल्यावर निवृत्त माणसं काही वर्षं येत राहिली. मग १ जुलै २००७ ला इंग्लंडमध्ये बंद जागेत धूम्रपानाला बंदी आली. कायदा योग्यच होता. बारमागे धुरात उभ्या राहणाऱ्या बाईच्या फुप्फुसांना त्याची गरज होती, आणि मी तीच बाई आहे. पण जेवण न देणाऱ्या, अंगण नसलेल्या, रस्त्याला लागून असलेल्या छोट्या पबवर त्याचा घाव बसला. म्हातारा माणूस जानेवारीच्या पावसात सिगरेटसाठी दर वीस मिनिटांनी बाहेर कशाला उभा राहील? तो कॅन घेऊन घरी बसला. डॉमिनोज या सोंगट्यांच्या खेळाच्या टेबलाला चार जण लागतात. एक घरी बसला की तिघांचा खेळ मोडतो, आणि महिन्याभरात ते तिघंही येईनासे होतात. लीगच्या याद्यांमधून पबांची नावं अशीच एकेक करून गळाली.

खेड्यांमध्ये गाडीचा प्रश्न वेगळाच. १९६७ च्या कायद्याने रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा आणि श्वासाची चाचणी आणली, आणि हळूहळू पिऊन गाडी चालवणं लाजेची गोष्ट झाली. स्कॉटलंडने २०१४ मध्ये मर्यादा आणखी खाली आणली. हे सगळं हवंच होतं. बस मात्र संध्याकाळी सहानंतर बंद करायची आणि वर पब का चालत नाही म्हणून विचारायचं, याला काय म्हणावं?

आता पैशाचं. पाच पौंडांचा पाइंट घ्या. त्यातले ८३ पेन्स व्हॅटचे. साडेचार टक्क्यांच्या बिअरवर उत्पादन शुल्क साधारण पन्नास पेन्स. म्हणजे पगार, भाडं, वीज, बिअरची खरेदी यांतलं काहीही देण्याआधी सव्वा पौंडाहून जास्त सरकारजमा. त्याच पाच पौंडांच्या आसपास सुपरमार्केटात चार कॅन मिळतात. सुपरमार्केटला बिअरवर नफा झाला नाही तरी चालतं, ट्रॉलीत बाकी सामान असतं आणि त्यातल्या बहुतेक खाद्यपदार्थांवर व्हॅट शून्य. माझ्या ताटातल्या त्याच बटाट्यावर वीस टक्के. २०२३ च्या ऑगस्टपासून नळाच्या बिअरला शुल्कात वेगळी सवलत सुरू झाली. तत्त्व म्हणून ते फार बरं झालं, पबात प्यायलेला पेला आणि घरी नेलेला कॅन यांत फरक करायला हवा हे सरकारने पहिल्यांदा मान्य केलं. २०२४ च्या ऑक्टोबरमधल्या अर्थसंकल्पात पाइंटमागे एक पेनी आणखी सोडली. पण एप्रिल २०२५ पासून व्यवसाय-घरपट्टीतली ७५ टक्के सूट ४० वर आली, आणि त्याच महिन्यात मालकाने भरायचा राष्ट्रीय विमा १५ टक्के झाला. शिवाय तो वर्षाला ९,१०० ऐवजी ५,००० पौंडांच्या पगारापासूनच लागू झाला. आठवड्याला दोन-तीन संध्याकाळी काम करणारी माणसं म्हणजे पबचे हातपाय. त्यांच्यातले एकवीस पूर्ण झालेले नेमके या मर्यादेत सापडले. पेनी देऊन पौंड काढून घेतला, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरपट्टीचंही समजून घ्या. दुकानाची ठरते ती जागेच्या आकारावर. पबची ठरते ती तिथे रास्तपणे किती उलाढाल व्हावी या अंदाजावर. म्हणजे मेहनतीने धंदा वाढवलात की पुढच्या मूल्यांकनात पट्टीही वाढते.

पण हे सगळं सहन करूनही चालणारे पब मी पाहिलेत. ते बंद झाले ते मालकीमुळे, आणि या मुद्द्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

पूर्वी बहुतेक पब बिअर बनवणाऱ्या कंपन्यांचेच असत. पब चालवणाऱ्याला भाडं कमी, पण बिअर त्यांचीच घ्यायची, त्यांच्या भावाने, हीच ती बांधीलकी. सहा बड्या कंपन्यांची मक्तेदारी मोडायची म्हणून १९८९ मध्ये सरकारने आदेश काढला. दोन हजारांहून जास्त पब असतील तर वरच्यांपैकी निम्मे बांधीलकीतून मोकळे करा. हेतू चांगला होता. घडलं भलतंच. कंपन्यांनी पब विकले, आणि ते घेतले बिअर न बनवणाऱ्या नव्या पब-कंपन्यांनी, प्रचंड कर्ज काढून. आदेश बिअर बनवणाऱ्यांना होता, यांना लागूच नव्हता. बांधीलकी तशीच राहिली. २००० च्या दशकाच्या मध्यावर अशा दोन कंपन्यांकडेच मिळून पंधरा हजारांहून जास्त पब होते. बिअरवाल्याला निदान आपली बिअर नीट ओतली जावी याची काळजी होती. नव्या मालकाच्या वहीत पब म्हणजे भाडं देणारी इमारत. २००८ मध्ये कर्जं अंगावर आली तेव्हा त्यांनी इमारती विकायला काढल्या.

भाडेपट्टेदाराला पिपासाठी मोकळ्या बाजारापेक्षा बरंच जास्त मोजावं लागायचं आणि वर भाडंही. २०१६ च्या पब-संहितेने मोठ्या कंपन्यांच्या भाडेकरूंना ठरावीक प्रसंगी फक्त बाजारभावाने भाडं देऊन बांधीलकीतून बाहेर पडायचा हक्क दिला. माझ्या ओळखीतल्या कित्येकांसाठी तो दहा वर्षं उशिरा आला. त्यांनी घर गहाण टाकून पबमध्ये घातलं होतं.

आणि दुसरी पळवाट नगररचनेत होती. २०१७ च्या मे महिन्यापर्यंत इंग्लंडमध्ये पबचं दुकान करायला, बहुतेक वेळा तो पाडायलाही, वेगळी परवानगी लागत नसे. मोक्याच्या कोपऱ्यावरची जागा, मागे गाड्या लावायचं आवार, पुढे रुंद फुटपाथ, म्हणजे छोट्या सुपरमार्केटला हवं ते सगळं आयतं. चांगला चालणारा पब एका शुक्रवारी बंद होऊन तीन महिन्यांत तिथे कॅन विकणारं दुकान उघडायचं. आता परवानगी लागते. पण लंडनच्या मेडा व्हेलमधला कार्लटन टॅव्हर्न आठवा. त्याला वारसा-संरक्षण मिळू घातलं होतं, तेवढ्यात २०१५ मध्ये विकासकाने तो बुलडोझरने पाडला. लोक इतके चिडले आणि स्थानिक परिषद इतकी ठाम राहिली, की तो पुन्हा होता तसा बांधायला लावला. २०२१ मध्ये तो उघडला. आमच्या शेजारी हिमलीचा क्रुकेड हाउस, खाणींमुळे एका बाजूला खचलेला, सगळ्या इंग्लंडला माहीत असलेला. विकला गेल्यावर थोड्याच दिवसांत, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, तिथे आग लागली आणि दोन दिवसांत उरलेलंही जमीनदोस्त झालं. लोक विटा वेचायला आणि राखायला जमले होते. मीही गेले होते. तोही पुन्हा बांधा असा परिषदेने २०२४ मध्ये आदेश दिला.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जुना पब सगळ्यांचा होता हे खोटं आहे. १९६० च्या दशकात याच स्मेदिकमध्ये भट्टीत खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या पंजाबी कामगाराला पबच्या चांगल्या खोलीत बसू देत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या अवतारसिंग जौहल यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं मोहीम चालवली. गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ते पबमध्ये जायचे, त्यांना बिअर मिळायची, यांना नकार, आणि भेदभाव उघड व्हायचा. १९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले ते या संघटनेच्या निमंत्रणावरून. त्याच वर्षी वर्णभेदाविरुद्धचा पहिला कायदा झाला आणि पबमध्ये रंगावरून नकार देणं बेकायदा ठरलं. बायकांचं म्हणाल तर लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या एल व्हिनो बारमध्ये बाईला काउंटरशी उभं राहून पेय मागता येत नव्हतं. त्याविरुद्धचा निकाल लागला १९८२ मध्ये. मी आज ज्या काउंटरमागे उभी आहे त्यामागे हे सगळं आहे.

आणि पुढे काय झालं ते बघा. कारखाने गेले, गोरी गिऱ्हाइकं पांगली, कंपन्यांना पब नकोसे झाले, तेव्हा त्याच पंजाबी कामगारांनी आणि त्यांच्या मुलांनी वेस्ट ब्रॉमिच, स्मेदिक, हँड्सवर्थमधले पब चालवायला घेतले. इथे त्यांना देसी पब म्हणतात. कोळशावर भाजलेलं मांस तव्यावर चरचरत येतं, शेजारी बिअर, भिंतीवर फुटबॉल, आणि टेबलाला पंजाबी म्हातारे, गोरे म्हातारे, कॉलेजची पोरं एकत्र. मंगळवारी रात्री हे पब भरलेले असतात. ज्यांना दारातून परत पाठवलं त्यांनीच इथले पब जगवले. पबचं भविष्य काय असं कोणी विचारलं की मी आधी या भागाकडे बोट दाखवते.

पिण्याच्या सवयी आता खरोखर बदलल्यात. तरुण मुलं आधीच्या पिढीपेक्षा कमी पितात, काही अजिबात पीत नाहीत, आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. मला यात वाईट काहीच दिसत नाही. बारमागे उभं राहून मी दारूने उद्ध्वस्त झालेले संसार पाहिलेत. तरुण येतात ते काही करायला येतात, प्रश्नमंजूषा, डार्ट, पत्ते, कोणाचं तरी गाणं. एक पेला बिअर, मग एक बिनअल्कोहोलचा, मग पुन्हा एक बिअर, असं आलटून पालटून पितात. बिनअल्कोहोलची बिअर पूर्वी शेल्फच्या कोपऱ्यात धूळ खात असे. आता ती नळावर येते, नीट पेल्यात, फेसासकट. यातला फेसाचा भाग महत्त्वाचा. हातात बाटली असलेला माणूस चौघांत वेगळा पडतो, पेला असलेला पडत नाही.

मला खटकतो तो दुसराच बदल. पूर्वी टेबलावर पाळी असे. पाच जण बसले की एकाने पाचही पेले आणायचे, मग दुसऱ्याने. पहिल्याने घेतलेलं दुसऱ्याने फेडल्याशिवाय कोणी उठत नसे. त्यामुळे नवखा माणूसही तासाभरात टेबलाचा होऊन जायचा, कारण कोणीतरी त्याचा पेला आणलेला असायचा. आता पाच पेल्यांचे पंचवीस पौंड होतात, कोणाच्या खिशाला ते झेपत नाही, आणि जो तो आपापलं कार्ड टेकवतो. बरेच जण फोनवरूनच मागवतात. मग एक पिऊन निघायला कोणाची आडकाठी नसते. पेले तेवढेच खपले तरी ओळखी होत नाहीत, आणि ओळख नसलेला माणूस पुढच्या आठवड्यात येतोच असं नाही.

चालतंय काय, तेही सांगते. केंटमधल्या हर्न गावी मार्टिन हिलियर यांनी २००५ मध्ये खाटकाच्या जुन्या दुकानात एक इवलासा पब उघडला. संगीत नाही, जुगाराचं यंत्र नाही, लागर नाही. पीप तिथेच मागे, खर्च कमी, आणि जागा इतकी छोटी की शेजारच्याशी बोलल्यावाचून गत्यंतर नाही. नव्या परवाना कायद्याने ते सोपं झालं होतं. त्यांच्या मागोमाग देशभर असे शेकडो लहान पब निघाले. जागा लहान म्हणजे भाडं लहान, आणि दिवसाचे चोवीस पाइंट खपवायला मोठी गर्दी लागत नाही. दुसरा मार्ग गावाने मिळून पब घेण्याचा. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटचा ओल्ड क्राउन २००३ मध्ये गावकऱ्यांच्या सहकारी संस्थेने घेतला. सहकार म्हटल्यावर साखर कारखाने आणि दूधसंघ पाहिलेल्या मराठी माणसाला हे काही नवं वाटायला नको. २०१३ मध्ये दक्षिण लंडनमधला आयव्ही हाउस तिथल्या रहिवाशांनी विकत घेतला. अशा पबांत दिवसा पोस्टाचं काउंटर, बाळांचा गट, म्हाताऱ्यांचं जेवण असं काहीतरी चालू असतं आणि संध्याकाळी बिअर. असे पब सहसा टिकतात, कारण मालकांनाच तो हवा असतो.

आता तुमच्यापुरतं. आपली मराठी माणसं इथल्या पबच्या दारातून परत फिरतात हे मी पाहते. परमिट रूमचा पडदा आणि ‘घरातल्यांनी पाहिलं तर’ ही धास्ती मनात असते. इथे रविवारी दुपारी आजीपासून नातवापर्यंत सगळे येतात, कुत्रंही टेबलाखाली असतं. दारू घेतलीच पाहिजे असं कोणी म्हणत नाही. लाइम-सोडा मागा, कॉफी मागा, बायकोमुलांना घेऊन या. फक्त आठवड्याच्या मधल्या दिवशी या, आणि एकाच जागी वारंवार या. तिसऱ्या खेपेला बारवरचा माणूस नावाने हाक मारेल.

आणि तुमच्या रस्त्याच्या टोकाच्या त्या बंद पबबद्दल. २०११ च्या कायद्याखाली इंग्लंडमध्ये एखादी जागा ‘समाजाच्या मोलाची’ म्हणून स्थानिक परिषदेकडे नोंदवता येते. नोंदणीकृत संस्था नसली तरी चालतं, त्या भागातल्या मतदारयादीत नाव असलेले किमान २१ जण एकत्र आले की अर्ज करता येतो. ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलातला म्हणून इथे मतदार होता येतं, हे आपल्या पुष्कळ लोकांना माहीतच नसतं. म्हणजे त्या एकवीसांत तुम्ही बसता, तुमचे सहकारी बसतात. जागा सध्या बंद असली तरी हरकत नाही, नजीकच्या काळात तिचा तसा उपयोग होत होता आणि पुढच्या पाच वर्षांत पुन्हा होऊ शकतो हे दाखवावं लागतं. अर्जात बिअरचं कौतुक करू नका. कोणत्या वारी कोणता गट तिथे भरायचा, डार्टचा संघ किती वर्षं होता, कोणाच्या मयतीनंतरचं जेवण तिथे झालं, जवळची दुसरी अशी जागा किती अंतरावर आहे, ते लिहा आणि फोटो जोडा. परिषदेने आठ आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो. नोंद झाली की ती पाच वर्षं राहते. त्या काळात मालकाने विकायला काढलं आणि तुमच्या गटाने सहा आठवड्यांच्या आत बोली लावायची इच्छा कळवली, तर त्याला एकूण सहा महिने थांबावं लागतं. तुम्हालाच विकावं अशी सक्ती मात्र त्याच्यावर नसते, म्हणून त्या सहा महिन्यांत पैसे आणि पब चालवायचा अनुभव असलेला माणूस, दोन्ही गोळा करायला लागतात. माणसं जमवायला तुमच्या भागातल्या चर्चचं सभागृह, गुरुद्वारा आणि बंद पडलेल्या पबचा जुना डार्ट-कप्तान, या तीन ठिकाणांपासून सुरुवात करा. कप्तानाकडे सगळ्यांचे फोन नंबर असतात.